शहाजहान बादशहा आणि लाल किल्ला

विद्यार्थी मित्रांनो, शहाजहान बादशहाचे नाव उच्चारले की तुमच्या डोळ्यांपुढे ताजमहाल उभा राहतो. त्यात नवल नाही. क्रमिक पुस्तकात चित्र ताजमहालाचेच असते आणि परीक्षेतला प्रश्नही त्यावरच येतो. परंतु या बादशहाचा स्वभाव, त्याची राज्य करण्याची रीत आणि अखेरीस त्याच्या वाट्याला आलेले दिवस समजून घ्यायचे असतील तर आग्र्याहून थोडे पुढे, दिल्लीला जावे लागते. ताजमहाल त्याने पत्नीसाठी बांधला. लाल किल्ला मात्र त्याने स्वतःसाठी, म्हणजे बादशहा या पदासाठी बांधला. राजवाडा ही केवळ राहण्याची जागा नसते, तो राजाने प्रजेला, सरदारांना आणि शेजारच्या राजांना सांगितलेला मजकूर असतो, ही गोष्ट मध्ययुगातील सर्वच राज्यकर्त्यांना कळत होती. ती शहाजहानइतकी पुरेपूर कोणी ओळखली असेल असे मला वाटत नाही.

त्याचे मूळ नाव खुर्रम. जन्म ५ जानेवारी १५९२ रोजी लाहोरला झाला. जहांगीरचा हा तिसरा मुलगा. आई जगत गोसाई ही मारवाडच्या राजघराण्यातील राजपूत राजकन्या. मुलाला वाढवले मात्र अकबराची बेगम रुकैया हिने, कारण तिला स्वतःचे अपत्य नव्हते. त्यामुळे खुर्रमचे बालपण आजोबांच्या नजरेखाली गेले. इ.स. १६०५ मध्ये अकबर मृत्युशय्येवर असताना हा तेरा वर्षांचा मुलगा त्यांच्या उशाशी बसून राहिला होता. बांधकामाची आवड त्याला लहान वयातच लागली. पंधरा-सोळा वर्षांचा असताना काबूलच्या मुक्कामात त्याने आपल्या राहत्या जागेची नव्याने मांडणी करून घेतली होती. राजपुत्र शिकारीत आणि घोड्यांत रमतात, हा दगड आणि नकाशे यांत रमला.

इ.स. १६१२ मध्ये अर्जुमंद बानूशी त्याचा विवाह झाला. पुढे मुमताजमहल म्हणून प्रसिद्ध झाली ती हीच. इ.स. १६१७ मध्ये दख्खनच्या मोहिमेवरून तो परत आला तेव्हा जहांगीरने त्याला शाहजहान हा किताब दिला आणि भर दरबारात तख्ताजवळ आसन दिले. बापाच्या हयातीत राजपुत्राला तख्ताजवळ बसायला मिळणे हा अपूर्व मान होता. दरबारात कोण कोठे उभा राहतो, कोण बसतो, कोणाच्या आणि बादशहाच्या मध्ये किती पावलांचे अंतर आहे, यावर त्या माणसाची किंमत ठरत असे. हा धडा खुर्रमने जन्मभर लक्षात ठेवला.

यानंतरची दहा वर्षे मात्र शोभादायक नाहीत. इ.स. १६२२ मध्ये त्याचा मोठा भाऊ खुस्रौ बुऱ्हाणपुरास त्याच्याच कैदेत मरण पावला आणि त्या मृत्यूचा संशय इतिहासकारांनी त्याच्यावरच घेतला आहे. त्याच वर्षी त्याने बापाविरुद्ध बंड केले. ते फसले. पराभूत राजपुत्र बंगालपर्यंत भटकून पुन्हा दख्खनमध्ये आला आणि ज्या मलिक अंबरशी आधी लढला होता त्याच्याच आश्रयाला गेला. इ.स. १६२६ मध्ये शरण येताना दारा आणि औरंगजेब हे आपले दोन मुलगे त्याला ओलीस म्हणून बापाकडे पाठवावे लागले. ऑक्टोबर १६२७ मध्ये जहांगीर वारला तेव्हा शहाजहान कोठे होता? आपल्या पुणे जिल्ह्यातील जुन्नरला. सासरा आसफखान याने बनारसी नावाच्या जासुदाला आपली मुद्रा देऊन पिटाळले. तो उत्तरेतून सुमारे तीन आठवड्यांत जुन्नरला पोहोचला. ज्या जुन्नरहून शहाजहान तख्तावर बसायला निघाला, त्याच जुन्नरशेजारच्या शिवनेरीवर अवघ्या सव्वादोन वर्षांनी शिवाजीराजांचा जन्म झाला. इतिहासात अशा गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ घडून जातात.

इ.स. १६२८ च्या आरंभी तो आग्र्याला तख्तनशीन झाला. पण त्याआधीच लाहोरला त्याच्या हुकुमाने त्याचा भाऊ शहरयार, पुतण्या दावरबक्ष आणि घराण्यातील आणखी काही पुरुष मारले गेले होते. पालकांपैकी काहींना हे मुलांपुढे सांगणे आवडणार नाही. पण मुले हुशार असतात. आपण लपवले तर ती दुसरीकडून ऐकतात आणि मग आपल्या बाकीच्या सांगण्यावरही त्यांचा विश्वास राहत नाही.

आता त्याच्या बांधकामाकडे वळू. तख्तावर येताच त्याने दिलेल्या पहिल्या हुकुमांपैकी एक दरबाराच्या जागेविषयी होता. अकबर आणि जहांगीर यांच्या काळात बादशहा सज्ज्यात बसे आणि समोरच्या पटांगणात सरदार कापडी मांडवाखाली उभे राहत. ऊन, पाऊस, वारा यांचा त्रास होई. शहाजहानने आग्रा आणि लाहोर येथे त्या जागी खांबांची प्रशस्त दालने उभारण्यास सांगितले. वरवर पाहता ही सरदारांची सोय. पण कापडी मांडवात दाटीवाटीने उभा राहणारा जमाव आणि खांबांच्या रांगांत मनसबीप्रमाणे नेमून दिलेल्या जागी उभा राहणारा दरबार यांत फार फरक आहे. खांबांनी माणसांना रांगेत आणले. आग्र्याच्या किल्ल्यातील आजोबांचे तांबड्या दगडाचे कितीतरी महाल त्याने पाडून टाकले आणि तेथे मकराण्याच्या संगमरवराचे महाल उभे केले. त्याच काळात त्याने दरबारात बादशहापुढे सिजदा करण्याची चाल बंद केली, कारण सिजदा अल्लाहखेरीज कोणालाही करता येत नाही. माणसापुढे माथा टेकवणे त्याने थांबवले हे त्याच्या श्रद्धेला धरूनच होते. परंतु त्या बादशहापणाचा दरारा मग दगडांनी आणि शिस्तीने निर्माण करावा लागला, हेही तितकेच खरे.

याच सुमारास मयूरासनाचे काम सुरू झाले. बेबदलखान नावाच्या कारागिराच्या देखरेखीखाली सात वर्षे ते चालले आणि इ.स. १६३५ च्या नवरोजला बादशहा त्यावर प्रथम बसला. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने खर्च नोंदवून ठेवला आहे: ८६ लाख रुपयांची रत्ने आणि १४ लाखांचे सोने, एकूण एक कोटी. ताजमहालाचा खर्च त्याच इतिहासकाराने ५० लाख दिला आहे. म्हणजे एका आसनाची किंमत ताजमहालाच्या दुप्पट! इ.स. १७३९ मध्ये नादिरशहा ते उचलून इराणला घेऊन गेला.

ही रक्कम वाचताना त्याच इतिहासकाराने लिहिलेले दुसरे पान झाकून ठेवता येत नाही. इ.स. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून रस्त्यावर मेली, गावे ओस पडली. बादशहा तेव्हा बुऱ्हाणपुरातच मुक्कामाला होता. त्याने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगरखाने उघडले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५००० रुपये गोरगरिबांत वाटण्याचा हुकूम दिला, आणि खालसा मुलुखातील सुमारे ७० लाखांचा शेतसारा माफ केला. हे त्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण जो सारा रयत देऊच शकत नव्हती तो माफ झाला, आणि मयूरासनाचे काम त्या वर्षांतही थांबले नाही. वर्गात ही दोन्ही पाने मी एकाच तासाला शिकवतो. मुलांनी हिशेब आपापला करावा.

त्याच बुऱ्हाणपुरात १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल वारली. बादशहाने दोन वर्षे शोक पाळला, आणि पुढल्या वर्षी आग्र्यात यमुनाकाठी ताजमहालाचे काम सुरू झाले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी येथे एवढेच सांगतो की कारागिरांचे हात तोडल्याची जी कथा घरोघरी सांगितली जाते तिला कसलाही आधार नाही. तिचे उत्तर खुद्द लाल किल्ल्यातच आहे. ताजमहालाचा शिल्पकार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो उस्ताद अहमद लाहोरी, काही वर्षांनी उस्ताद हमीद याच्यासह याच किल्ल्याच्या कामावर होता.

या उस्ताद अहमदबद्दल आणखी दोन ओळी लिहिल्याखेरीज शिक्षक म्हणून मला पुढे जाववत नाही. बादशहाने त्याला नादिर-उल-अस्र, म्हणजे युगातील अद्वितीय, असा किताब दिला होता. तो केवळ गवंडीकामातला जाणकार नव्हता, भूमिती आणि खगोलशास्त्र शिकलेला विद्वान होता. त्याचा मुलगा अताउल्ला याने आपल्या भास्कराचार्यांच्या बीजगणिताचा संस्कृतमधून फारसीत अनुवाद करून तो शहाजहानला अर्पण केला. पुढे औरंगाबादचा बीबी का मकबरा बांधला गेला तो याच अताउल्लाच्या आराखड्यावरून, हसपतराय या कारागिराच्या साथीने. सहलीला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गेलात तर मकबऱ्याच्या दरवाजावर कोरलेली ही नावे शोधा. बाप दिल्लीचा किल्ला आखतो आणि मुलगा बीजगणित शिकण्यासाठी संस्कृतपर्यंत पोहोचतो, असे ते घर होते.

आग्रा सोडून दिल्लीला जाण्याचे कारण काय? आग्र्याचे रस्ते अरुंद आणि उंचसखल. सणाच्या दिवशी किल्ल्याच्या दरवाजाशी इतकी चेंगराचेंगरी होई की माणसे जखमी होत. लाहोरचीही तीच अडचण. बादशहाची स्वारी निघायला जागाच नव्हती आणि स्वारी दिसली नाही तर तिचा उपयोग काय? म्हणून इ.स. १६३९ मध्ये दिल्लीत यमुनेच्या काठी नव्या किल्ल्याचा पाया घातला गेला. मकरमतखान नावाच्या सरदाराने बरेचसे काम पाहिले. नऊ वर्षांनी, एप्रिल १६४८ मध्ये, बादशहाने त्यात प्रवेश केला. त्या समारंभासाठी अहमदाबादच्या शाही कारखान्यात विणलेला प्रचंड शामियाना उभारला होता. किल्ल्याचे तेव्हाचे नाव किला-ए-मुबारक आणि त्याभोवतीच्या शहराचे शाहजहानाबाद. आज आपण जिला जुनी दिल्ली म्हणतो ती त्या काळची नवी दिल्ली होती.

वाचकहो, आता माझ्याबरोबर या किल्ल्यात चला. चांदणी चौकातून येताना समोर लाहोरी दरवाजा दिसतो. किल्ल्याचा घेर सुमारे अडीच किलोमीटर. नदीच्या बाजूची भिंत सुमारे १८ मीटर उंच आहे, पण शहराच्या बाजूची काही ठिकाणी ३३ मीटरपर्यंत जाते. शत्रू यायचा तर तो नदी ओलांडूनही येऊ शकला असता, मग शहराकडची भिंतच एवढी उंच का, याचा विचार करा. दरवाजातून आत गेल्यावर छत असलेला बाजार लागतो, छत्ता चौक. उन्हाळ्यातही सावलीत चालत जाता यावे अशी ही रचना बादशहाने इ.स. १६४६ मध्ये पेशावरला पाहिली होती, ती त्याला पसंत पडली आणि त्याने दिल्लीत करवून घेतली. त्यापुढे नौबतखाना. तेथे दिवसातून ठरलेल्या वेळी नौबत झडे आणि तेथपर्यंत आल्यावर राजपुत्रांखेरीज प्रत्येकाला, मग तो कितीही मोठा सरदार असो, हत्तीवरून किंवा घोड्यावरून उतरावे लागे. म्हणजे पुढचे अंतर पायी. पायी चालणारा माणूस, भोवती मोकळे विस्तीर्ण पटांगण, आणि समोर दिवाण-ए-आम. येथे पोहोचेपर्यंत त्याला आपण किती लहान आहोत हे कोणी वेगळे सांगण्याची गरज उरत नसे.

दिवाण-ए-आमचे दालन आज तांबड्या दगडाचे दिसते. त्या काळी त्यावर घोटलेल्या चुन्याचा असा गिलावा होता की लांबून ते संगमरवरी वाटावे. आत चांदीचा कठडा होता. कठड्याच्या आत कोण, बाहेर कोण, हे मनसबीवरून ठरे. मागच्या भिंतीत उंचावर बादशहाचा संगमरवरी झरोका आहे. त्याच्या छपराकडे नीट पाहा. कडेला खाली झुकलेले, पाठीवर फुगलेले हे छप्पर बंगालमधल्या झोपडीचे आहे. पावसाचे पाणी चटकन निथळावे म्हणून गरीब माणसाने बांबू आणि गवतात शोधलेला हा आकार शहाजहानने संगमरवरात उतरवला आणि बादशहा जेथे लोकांना दिसतो त्या जागेचा मानाचा आकार करून टाकला. मला हा त्या किल्ल्यातला सर्वांत विलक्षण तपशील वाटतो.

झरोक्याच्या मागच्या भिंतीवर रंगीत दगडांत बसवलेले पक्षी, फुले आहेत, आणि अगदी वर एक छोटा फलक आहे. त्यात एक तरुण वाद्य वाजवीत बसला आहे आणि हिंस्र आणि गरीब जनावरे शेजारी शेजारी बसून ऐकत आहेत. हा युरोपातील कथेतला गायक ऑर्फियस, आणि फलक इटलीतील फ्लॉरेन्सहून आलेला. मोगल दरबारात हे चित्र कशाला? अभ्यासकांचे म्हणणे असे की ते पाहणाऱ्यांना हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांची आठवण व्हावी हा त्यात हेतू होता. पशुपक्षी ज्यांची आज्ञा मानत, ज्यांच्या न्यायाखाली दुबळा जीव निर्भय होता, त्यांच्या तख्ताची ही सावली. चित्र परदेशी, अर्थ आपला. इ.स. १८५७ नंतर यातील काही फलक काढून लंडनला नेण्यात आले होते, ते लॉर्ड कर्झनच्या काळात परत आणून बसवले गेले.

न्यायाचे चिन्ह आणखी एका ठिकाणी आहे. आतल्या महालात संगमरवरी जाळीच्या वर मीझान-ए-अद्ल, म्हणजे न्यायाचा तराजू, कोरलेला आहे. त्याच्या भोवती चंद्रकोर, तारे आणि ढग. त्याच्याच खालून नहर-ए-बिहिश्त, स्वर्गाचा कालवा, वाहत असे. हे पाणी काही किल्ल्याखालच्या यमुनेचे नव्हते. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने खणलेला आणि पुढे बुजलेला कालवा दुरुस्त करून, तो सुमारे तीस कोस वाढवून यमुनेच्या वरच्या अंगाचे पाणी शहरात आणले होते. त्या पाण्यावर चांदणी चौक थंड राहत असे. किल्ल्यात ते शाहबुर्जाशी शिरून संगमरवरी उतारावरून पडत आणि ओळीने सगळ्या महालांच्या जमिनीतून वाहत जाई. हम्माम, दिवाण-ए-खास, ख्वाबगाह, रंगमहाल. उन्हाळ्याच्या दिल्लीत खोलीच्या मध्यातून वाहते पाणी असणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. दिवाण-ए-खासचे छत चांदीचे होते. पानिपतापूर्वी, इ.स. १७६० मध्ये, सैन्याचा खर्च भागत नव्हता तेव्हा सदाशिवरावभाऊंनी ती चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. मराठी वाचकांना भाऊसाहेबांच्या बखरीमुळे भाऊ माहीत असतात, हे छत क्वचितच माहीत असते.

शहाजहानचा दिवस या वास्तूच्या क्रमानेच जात असे. पहाटे उठून नमाज. सूर्य उगवताना नदीकडच्या मुसम्मन बुर्जाच्या झरोक्यात तो येई. खाली वाळवंटात प्रजा जमलेली असे. कोणीही यावे, बादशहाला पाहावे, अर्ज करावा. झरोका-दर्शनाची ही चाल अकबराच्या काळी रूढ झाली. बादशहाला पाहिल्याखेरीज अन्नपाणी न घेणारेही लोक होते. नंतर दिवाण-ए-आम, मग दिवाण-ए-खास. बुधवारी आम दरबार नसे, तो दिवस न्यायदानाचा. शुक्रवारी दरबार बंद. हे वेळापत्रक तो वर्षानुवर्षे पाळत राहिला. बादशहा रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी दिसतो आहे, याचा अर्थ राज्य जागेवर आहे, असा लोकांचा समज होता. घड्याळाचा काटा दिसावा तसा बादशहा दिसे.

किल्ल्याबाहेर शहराचीही अशीच आखणी झाली. मुलगी जहांआरा हिने चांदणी चौक वसवला. बेगमांनी मशिदी, बागा, सराया बांधल्या. इ.स. १६५० मध्ये टेकडीवर जामा मशिदीचा पाया घातला गेला आणि सहा वर्षांत, रोज सुमारे ५००० माणसे राबून, १० लाख रुपये खर्चून ती पुरी झाली. मशिदीच्या एका अंगाला मदरसा होता आणि दुसऱ्या अंगाला दवाखाना. या कामावर देखरेख करणारा वजीर सादुल्लाखान याचे नाव तुम्ही ऐकले नसेल. पंजाबातील चिनिओटकडच्या एका सामान्य घरातला हा मुलगा. ना घराणे, ना जहागीर. लाहोरला शिकला, विद्वान म्हणून नावाजला, इ.स. १६४० मध्ये शाही चाकरीत आला आणि पाच वर्षांत साम्राज्याचा वजीर झाला. ज्या दरबारात प्रत्येकाची जागा कुळावरून आणि तलवारीवरून ठरत होती तेथे केवळ विद्येच्या जोरावर तो तख्ताच्या सर्वांत जवळ जाऊन पोहोचला. इ.स. १६५६ मध्ये तो वारला. पुढल्या वर्षी जे घडले तेव्हा तो हवा होता, असे मला नेहमी वाटते.

सप्टेंबर १६५७ मध्ये बादशहा दिल्लीत आजारी पडला. लघवी अडली, पाय सुजले, ताप आला. काही दिवस तो झरोक्यात आला नाही. एवढेच झाले. पण लोकांना रोज दिसण्याची सवय बादशहानेच लावलेली होती. तो दिसत नाही, म्हणजे तो नाही. दुकाने बंद झाली, बातमी फुटली, सुभ्यासुभ्यांत वकिलांची पत्रे धावू लागली. आठवड्याभराने त्याने कसेबसे खिडकीत येऊन तोंड दाखवले. पण तोवर उशीर झाला होता. हा मूळचा बादशहा नाही, कोणी तोतया बसवला आहे, अशीही वदंता उठली.

थोरला मुलगा दारा दरबारातच असे. त्याला बापाने तख्ताजवळ सोन्याची खुर्ची दिली होती. बाकीच्या तिघांनी तिचा अर्थ केव्हाच ओळखला होता. तरुणपणी आपल्याला मिळालेल्या त्या आसनाचा भावांवर काय परिणाम झाला होता, हे शहाजहानला आठवायला हवे होते. बंगालमध्ये शुजाने आणि गुजरातमध्ये मुरादने स्वतःच्या नावाने राज्यारोहण करून घेतले. औरंगजेब दख्खनमधून निघाला. मे १६५८ च्या अखेरीस, जुन्या गणनेप्रमाणे, आग्र्याजवळ सामूगढला दाराचा पराभव झाला. शहाजहान तेव्हा आग्र्याच्या किल्ल्यात होता. औरंगजेबाच्या सैन्याने किल्ल्याचा यमुनेकडचा पाणदरवाजा ताब्यात घेऊन पाणी तोडले. आत विहिरी होत्या, पण त्यांचे पाणी खारट. जूनचा उन्हाळा. तीन दिवसांत दरवाजे उघडले गेले.

पुढल्या वर्षी दारा पकडला गेला. शाहजहानाबादच्या ज्या रस्त्यावरून बादशाही स्वारी दिमाखात निघावी म्हणून ते शहर वसवले होते, त्याच रस्त्यावरून त्याला मळक्या कपड्यांत, एका दीनवाण्या हत्तिणीवर उघड्या हौद्यात बसवून फिरवण्यात आले. लोक रडले. त्यानंतर त्याला ठार मारले गेले. औरंगजेबाने लाल किल्ल्याच्या दरवाजापुढे आणखी एक तटबंदी घातली. तिच्यामुळे तख्तापासून दरवाजातून थेट चांदणी चौकापर्यंत जाणारी सरळ रेषा बंद झाली.

शहाजहान साडेसात वर्षे आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत राहिला. महाल त्याचेच होते, त्यानेच बांधलेले. फक्त दरबार भरत नव्हता आणि झरोक्याखाली कोणी जमत नव्हते. जहांआराने शहराचा थाटमाट सोडून बापाबरोबर राहणे पत्करले. कुरआनपठण, आलिमांची सोबत आणि दूर नदीकाठी दिसणारा ताजमहाल, एवढ्यात त्याचे दिवस गेले. जानेवारी १६६६ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, तो वारला. जहांआराच्या मनात जनाजा शाही इतमामाने काढावा असे होते. तसे झाले नाही. मोजक्या माणसांनी मय्यत होडीतून ताजमहालाला नेली आणि मुमताजच्या शेजारी दफन केली. इमारतीच्या बरोबर मध्यावर मुमताजची कबर आहे, त्याची पश्चिमेला एका बाजूस.

औरंगजेबाने आपल्या कारकिर्दीच्या अकराव्या वर्षी झरोका-दर्शनाची चाल बंद केली. इ.स. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी किल्ल्यातले बहुतेक महाल पाडून तेथे बराकी बांधल्या. बहादूरशहा जफरवर खटला चालवला तोही दिवाण-ए-खासमध्ये. आणि डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबाराच्या वेळी बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुद्दाम मुसम्मन बुर्जावर जाऊन बसले. खाली वाळवंटात हजारो लोक जमवण्यात आले होते. आज त्या बुर्जाखाली यमुना नाही. तिचे पात्र पूर्वेला सरकले आहे आणि मधून रहदारीचा मोठा रस्ता जातो. स्वातंत्र्यानंतर १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी तिरंगा फडकावला तो किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला, लाहोरी दरवाजावर, शहराच्या बाजूस.